व्होल्का बीट्स मिक्सरला लावली की आवाज गायब; आणि त्यात भजनी ठेका कसा भरायचा?

सातारा_हार्मोनियम

राम कृष्ण हरी मंडळी.

कोर्गची व्होल्का बीट्स ही छोटी ड्रम मशीन घेतली आहे, वापरलेली. सोबत पुस्तिका नाही, ॲडॉप्टरही नाही. तबलजींना यायला जमत नाही त्या गुरुवारी भजनाला साधा ठेका मिळावा आणि एरवी घरी रियाजाला उपयोगी पडावी, एवढीच अपेक्षा आहे. देवळात सहा चॅनलचा छोटा मिक्सर आहे. त्यातून ॲम्प्लिफायरला, पुढे शिखराजवळ दोन भोंगे आणि सभामंडपात एक बॉक्स.

अडचणी अशा:

मशीनच्या स्वतःच्या स्पीकरवर सगळे आवाज नीट येतात. हेडफोनवरही नीट येतात. मिक्सरला लावलं की जवळजवळ शांतता. नॉब पूर्ण फिरवला तरी कुठेतरी लांब टिकटिक ऐकू येते, बस. गंमत म्हणजे मिक्सरमधला जॅक अर्धा बाहेर ओढला की आवाज दणक्यात येतो, आत दाबला की परत गेला. केबल नवीन आहे, एका टोकाला ३.५ ची हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला ६.३ ची मोठी, दोन्ही पिनांवर दोन दोन काळ्या रिंगा.

दुसरं, गिटारच्या पेडलचा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर लावून बघितला तर मशीन चालूच होत नाही. पिनही जरा सैल बसते. सहा पेन्सिल सेलवर मात्र चालते.

तिसरं, काल तासभर बसून एक ठेका भरला, बंद करून सकाळी चालू केली तर काहीच नाही. आणि मधेच प्रत्येक ठोका तीन-तीनदा वाजायला लागतो, ते का ते कळत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं: सोळा स्टेपमध्ये, म्हणजे मशीन ओळीनं वाजवते त्या सोळा जागांत, भजनी ठेका बसतो का? दादरा आणि रूपक? मशीन चार-चारच्या हिशोबानं बनवलेली दिसते.

—

मिरज_सोल्डर

"जॅक अर्धा ओढला की आवाज येतो" या एका वाक्यात तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. मशीन चांगली आहे, मिक्सर चांगला आहे, केबलची जात चुकली आहे.

मिक्सरचा ६.३ चा जॅक बहुतेक बॅलन्स्ड असतो. म्हणजे पिनचं टोक आणि मधली रिंग या दोन्हींवरून येणाऱ्या सिग्नलमधला फरक तो उचलतो. माइकच्या लांब वायरमध्ये घुसलेली घरघर दोन्ही तारांवर सारखीच असते, वजाबाकीत ती निघून जाते. यासाठीच ती रचना केलेली असते. आता व्होल्का बीट्सचा हेडफोन जॅक दिसायला स्टिरिओ असला तरी आतला आवाज मोनो आहे. टोकावर जे येतं तेच रिंगवर येतं. मिक्सर इमानदारीनं वजाबाकी करतो आणि उत्तर शून्य येतं. तुम्हाला ऐकू येणारी लांबची टिकटिक म्हणजे दोन बाजूंत जो किंचित फरक उरतो तेवढीच. जॅक अर्धा ओढल्यावर रिंगचा संपर्क बदलतो, वजाबाकी थांबते आणि आवाज येतो. तसा अर्धा ओढून वापरू नका, भजनात कुणाचा पाय लागला की ठॉक होऊन भोंग्याचा डायफ्राम जाईल.

इलाज सोपा आहे. एका टोकाला ३.५ स्टिरिओ आणि दुसऱ्या टोकाला ६.३ च्या दोन मोनो पिना असलेली वाय केबल घ्या. मोनो पिनवर एकच काळी रिंग असते, दुकानात ती बघूनच घ्या. दोनपैकी एकच पिन मिक्सरला लावली तरी पुरे. दुसरी पिन मोकळी राहिली तर तिच्यावर टेप गुंडाळा.

स्वतः सोल्डर करणार असाल तर ३.५ च्या पिनचं टोक मोनो पिनच्या टोकाला जोडा, बाही (पिनचा मागचा, ग्राउंडचा भाग) बाहीला जोडा आणि रिंग मोकळी सोडा. रिंग बाहीला जोडू नका. तसं केलं तर हेडफोनची एक बाजू थेट ग्राउंडला शॉर्ट होते. याच कारणानं ३.५ ची मोनो पिन या मशीनमध्ये घालायची नाही. आवाज येईल, पण आतला एक ॲम्प्लिफायर सतत शॉर्टवर चालत राहील.

आता ॲडॉप्टर. तो लगेच बाजूला ठेवा. व्होल्काला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि पिनच्या मध्यभागी प्लस लागतो. कोर्गचा यासाठीचा ॲडॉप्टर केए-३५०, ९ व्होल्ट १.७ अँपिअर. गिटारच्या पेडलचे ॲडॉप्टर बहुतेक उलटे असतात, मध्यभागी मायनस. व्होल्ट सारखे, पिन दिसायला सारखी, ध्रुव उलटे. पेडलवाल्यांच्या घरात ही चूक हमखास होते. पुन्हा पुन्हा लावून बघू नका, दर वेळी जोखीम आहे.

ॲडॉप्टरवर एक छोटं चित्र असतं, मध्ये ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन बाजूंना प्लस आणि मायनस. ठिपक्याची रेघ ज्या चिन्हाकडे जाते तो मधला ध्रुव. चित्र पुसलं गेलं असेल तर मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा, लाल टोक पिनच्या भोकात, काळं टोक बाहेरच्या धातूला. आकडा साधा आला तर मध्ये प्लस, आकड्याआधी वजा आला तर मध्ये मायनस. पिन सैल बसते म्हणजे मापही वेगळं आहे. माप जुळवायला कन्व्हर्टर पिन मिळते, पण ती लावल्यावर पुन्हा मीटरनं बघा. काही कन्व्हर्टर ध्रुवही उलटे करतात.

आणखी एक. अशा बहुतेक मशीनमध्ये ॲडॉप्टरची पिन आत गेली की सेलची लाइन तुटते. त्यामुळे ॲडॉप्टर बोर्डातून काढलेला असला तरी त्याची पिन मशीनमध्ये तशीच राहिली, तर सेल भरलेले असूनही मशीन मेल्यासारखी पडते.

सेलवरच चालवणार असाल तर चांगले अल्कलाइन सहा घाला, साधारण दहा तास मिळतात. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे असतात, सहा मिळून ७.२ होतात. तेही चालतात, पण मशीनच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायचा असतो, नाहीतर भरलेले सेलही तिला उतरलेले वाटतात. दोन प्रकारचे किंवा जुने-नवे सेल एकत्र कधीच घालू नका.

आणि चार तास हात लावला नाही तर ही मशीन स्वतःच बंद होते. तो बिघाड समजू नका.

—

कराड_तबला

रामकृष्णहरी माउली. वायरिंगचं वर सविस्तर आलंच आहे, मी ठेक्याचं सांगतो.

आधी ठेका पुसला गेला त्याचं. पॅटर्न आपोआप साठत नाही. फंक्शन बटण धरून मेमरी दाबा आणि मग १ ते ८ पैकी एक जागा दाबा, तेव्हा तो साठतो. फक्त मेमरी आणि जागा दाबली तर तिथला जुना पॅटर्न उघडतो आणि हातातला न साठवलेला गेला म्हणून समजा. जागा आठच आहेत, तेव्हा ठरवून ठेवा: १ भजनी, २ भजनी भरीव, ३ दादरा, ४ रूपक, असं कागदावर लिहून मशीनच्या खाली चिकटवा. अंधाऱ्या सभामंडपात त्याचाच आधार.

तीन-तीनदा वाजतंय तो स्टटर आहे. स्टटरचे दोन नॉब आहेत, टाइम आणि डेप्थ. डेप्थ पूर्ण डावीकडे. तरीही परत येत असेल तर ती हालचाल मोशन सिक्वेन्समध्ये (नॉबच्या हालचाली पॅटर्नसोबत लक्षात ठेवण्याची सोय) नोंदली गेली आहे, ती पुसावी लागेल.

आता सोळा स्टेप. चार-चारचा हिशोब विसरा. एक मात्रा म्हणजे दोन स्टेप धरा. आठ मात्रांचा भजनी सोळा स्टेपमध्ये बरोबर बसतो, एकही जागा वाया न जाता. प्रत्येक मंडळाचा भजनी जरा वेगळा असतो, पण सरळ रूप हे:

१ धिं, ३ ना, ४ धिं, ६ धिं, ७ ना. ९ तिं, ११ ना, १२ तिं, १४ तिं, १५ ना. बाकी स्टेप रिकाम्या.

मशीनमध्ये तबला नाही हे आधीच मान्य करा. बास ड्रम, स्नेअर, दोन टॉम, दोन हॅट हे ॲनालॉग. क्लॅप, क्लेव्ह्ज, अगोगो, क्रॅश हे आधी रेकॉर्ड केलेल्या नमुन्याचे आवाज. यातून तबल्याची नक्कल काढायला गेलात तर हसं होईल. ठेक्याचं वजन कुठे पडतं ते मात्र अगदी स्वच्छ दाखवता येतं आणि गायकाला तेवढं पुरतं.

लो टॉम हा डग्गा: १, ४, ६. खालीत, म्हणजे इथे आवर्तनाच्या दुसऱ्या अर्ध्यात, डग्गा नाही, म्हणून ९ ते १३ लो टॉमला हात लावायचा नाही. १४ वर परत आणून बघा, समेची, म्हणजे पहिल्या मात्रेची, चाहूल लागते. हाय टॉम ही चाटीची बाजू: १, ४, ६, ९, १२, १४. ना साठी क्लेव्ह्ज: ३, ७, ११, १५. टाळ म्हणून अगोगो: १, ५, ९, १३, म्हणजे पहिली, तिसरी, पाचवी, सातवी मात्रा. अगोगोची पातळी अगदी कमी, पीसीएम स्पीड (नमुना वाजण्याचा वेग) वाढवली की तो टाळेच्या जवळ जातो.

भरायची पद्धत: स्टेप मोड बंद असताना पहिली दहा बटणं म्हणजे दहा वाद्यं. हवं ते वाद्य दाबून निवडा, स्टेप मोड लावा, आकड्यांवर बोट ठेवा, स्टेप मोड काढा, पुढचं वाद्य. खालची पट्टी स्पर्शाची आहे, दाबायची नाही. बुक्का, तेल, घाम लागलेलं बोट असेल तर ती बिचकते. कोरड्या सुती फडक्यानं पुसून घ्या.

हाय टॉमचा पिच षड्जाला लावा. गायक काळी एकला असतील तर पेटीवर काळी एक धरून नॉब फिरवा. मशीन पंधरा मिनिटं चालू ठेवून मगच लावा, ॲनालॉग आवाज सुरुवातीला सरकतो. सुरात नसलेला टॉम भजनभर टोचत राहतो, तंबोऱ्याशी भांडतो. एवढे कष्ट घ्याच.

लयीचा हिशोब: मशीनचा एक बीट म्हणजे चार स्टेप, म्हणजे आपल्या दोन मात्रा. तेव्हा मिनिटाला १६० मात्रांची लय हवी तर टेम्पो ८०. मात्रा मोजायचा कंटाळा असेल तर तुमच्या नेहमीच्या भजनाचं रेकॉर्डिंग लावा, दहा आवर्तनांना किती सेकंद लागतात ते घड्याळावर बघा आणि २४०० ला त्या सेकंदांनी भागा. दहा आवर्तनं तीस सेकंदांत झाली तर ८०.

दादरा सहा मात्रांचा, म्हणजे बारा स्टेप. फंक्शन धरून ज्या बटणावर ॲक्टिव्ह स्टेप छापलं आहे ते दाबा आणि १३ ते १६ बंद करा. मशीन बारानंतर पुन्हा एकवर येते. धा १, धी ३, ना ५, धा ७, ती ९, ना ११. डग्गा १, ३, ७ वर. लयीसाठी २४०० च्या जागी १८००.

रूपक सात मात्रांचा, चौदा स्टेप. १५ आणि १६ बंद. तीं १, तीं ३, ना ५, धी ७, ना ९, धी ११, ना १३. इथे सम खालीवरच आहे, म्हणून १ वर डग्गा नाही, तो ७ आणि ११ ला. नवीन माणूस सवयीनं एकवर डग्गा टाकतो आणि रूपकाचा रूपकपणाच जातो. हिशोबाचा आकडा २१००.

झपताल दहा मात्रांचा. दोन स्टेपच्या हिशोबानं वीस स्टेप लागतील, तेवढ्या नाहीत. एक मात्रा एक स्टेप धरून दहा स्टेप चालू ठेवता येतात, पण मग टेम्पो फार खाली न्यावा लागतो आणि ठेका उघडा वाटतो. भजनापुरतं तो सोडून द्या.

—

सातारा_हार्मोनियम

दोघांचेही मनापासून आभार. वाय केबल आणली, एक पिन लावली आणि पहिल्याच झटक्यात आवाज आला. मीटरवर पेडलचा ॲडॉप्टर वजा ९.२ दाखवतो, म्हणजे उलटाच. तो ठेवून दिला.

भजनी भरला, जागा एकवर साठवला. सभामंडपातल्या बॉक्सवर चांगला वाटतो. पण भोंग्यावर डग्गा ऐकूच येत नाही, नुसती कटकट येते. मिक्सरवर बास पूर्ण वाढवला तरी फरक नाही, उलट भोंगा फाटल्यासारखा वाजायला लागला. आणि बॉक्सच्या बाजूला बारीक घूं असा आवाज आहे. सेलवर असताना नाही, मशीनसाठी नवीन आणलेल्या ॲडॉप्टरवर असताना आहे. ध्रुव तपासून घेतला आहे, बरोबर आहे.

अजून एक, हा लो टॉम घुमवायला डीके (आवाज विरायला लागणारा वेळ) वाढवला तर चाटीही घुमायला लागते.

—

मिरज_सोल्डर

शेवटचं आधी. टॉमला डीकेचा नॉब एकच आहे, लो आणि हाय दोघांना मिळून. पिचचे दोन वेगळे, डीके सामाईक. म्हणून डग्ग्याचं घुमणं आणि चाटीचा आखूड ठोका एकाच वेळी टॉममधून मिळणार नाही. वर दिलेल्या मांडणीत एवढाच बदल करा: डग्गा बास ड्रमवर न्या. त्याला क्लिक, पिच आणि डीके हे तिन्ही स्वतंत्र आहेत. क्लिक कमी, पिच मध्याच्या वर, डीके लांब. मग टॉमचा डीके आखूड ठेवून हाय टॉम चाटीला मोकळा राहतो. स्टेपचे आकडे तेच.

घूं चं निदान तुम्हीच केलं आहे: सेलवर नाही, ॲडॉप्टरवर आहे, म्हणजे तो वीजपुरवठ्याच्या वाटेनं येतो. ॲडॉप्टर आणि मिक्सर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा, वेगवेगळ्या भिंतींवरून घेऊ नका. तरी राहिला तर मशीन आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स (सिग्नल जुळवून देणारा छोटा डबा) टाका आणि त्यावरचा ग्राउंड लिफ्टचा खटका उचला. मिक्सरच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. घूं जाईल, पण उघड्या पायांनी ओल्या फरशीवर बसलेल्या माणसाच्या हातात माइक असतो.

लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवर घूं वाढला तर तो इन्व्हर्टरचा आहे. स्क्वेअर वेव्हवाल्यांत तो येतोच. अशा वेळी मशीन सरळ सेलवर घ्या.

—

कराड_तबला

डीकेचा मुद्दा बरोबर आहे, माझ्याकडून तो सुटला होता. बास ड्रमवर डग्गा घ्या. लो टॉम मोकळा झाला तर तो फक्त १ वर ठेवा, बास ड्रमच्या जोडीला. या मशीनवर एखाद्या ठोक्याला जोर द्यायचं वेगळं बटण नाही, भरलेले ठोके एका वजनाचे पडतात. म्हणून सम ठळक करायची तर तिथे एक आवाज जास्त टाकायचा, हा सोपा मार्ग आहे. सगळे ठोके सारखे असलेला ठेका पाच मिनिटांत कंटाळवाणा होतो. एका समेवर वजन आलं की गायकाला उतरायला जागा दिसते.

—

सांगली_साउंड

भोंग्याचं सांगतो, कारण देवळादेवळांत हीच चूक होते.

भोंगा हा बोलणं लांब पोचवण्यासाठी आहे. साधारण ३०० हर्ट्झच्या खाली तो जवळजवळ काही देत नाही. बास ड्रमचा मूळ घुमारा त्याच्या कितीतरी खाली असतो. मिक्सरवर बास वाढवून तो भोंग्यातून निघणार नाहीच, उलट आतला डायफ्राम त्या खालच्या लहरींवर गरजेपेक्षा जास्त हलतो. तुम्हाला फाटल्यासारखं ऐकू आलं ते हेच. तसंच चालू ठेवलं तर युनिट जळतं. आत्ताच बास मध्यावर आणा.

भोंग्याच्या ॲम्प्लिफायरवर किंवा मिक्सरच्या त्या चॅनलवर लो कटचा (खालच्या लहरी कापणारा) खटका असेल तर तो दाबा. ऐकायला उलटं वाटेल, पण चिखल निघून ठोका स्वच्छ होतो. मग मशीनवर बास ड्रमचं क्लिक पुन्हा थोडं वाढवा आणि लो टॉमचा पिच वर घ्या. लांबच्या माणसाला घुमारा मिळणार नाही, डग्ग्याच्या थापेची चाहूल मिळेल. सभामंडपातल्या बॉक्सला घुमारा, भोंग्याला थाप, अशी वाटणी मनात ठेवा. शक्य असेल तर भोंग्यांना ठेका अगदी कमी आणि गाणं जास्त द्या. गावाला अभंग ऐकायचा असतो, टॉम नाही.

पातळी लावायची पद्धत: मशीनचा व्हॉल्यूम तीन चतुर्थांश, मिक्सरचा गेन शून्यावरून हळूहळू वर, समेच्या ठोक्याला लाल दिवा लागला की थोडा मागे. मशीनचा व्हॉल्यूम कमी आणि गेन जास्त ठेवलात तर सोबत सुरसुर येते. स्वतःचा स्पीकर पिन लावल्यावर बंद होतो, त्यामुळे मशीनजवळ बसणाऱ्याला ठेका फक्त बॉक्समधून ऐकू येणार हे लक्षात घ्या.

—

सातारा_हार्मोनियम

बास मध्यावर, लो कट चालू, क्लिक वाढवलं. थाप पोचते आता. एकाच बोर्डावर घेतल्यावर घूं ही गेला. बास ड्रमवरचा डग्गा आधीपेक्षा कितीतरी बरा.

दोन शेवटचे प्रश्न. घरी एक कीबोर्ड आहे, त्याच्या पट्ट्यांवरून या मशीनचे आवाज वाजवता येतील का? मिडीची (वाद्यांना एकमेकांशी जोडायची) पाच पिनांची केबल लावली, काहीच वाजत नाही. आणि मघाशी प्ले दाबलं की दिवा पहिल्या स्टेपवर नुसता उभा राहत होता, पुढे सरकतच नव्हता. सगळ्या वायरी काढून परत लावल्या तेव्हा सुरू झालं.

टाळकऱ्यांची एक तक्रार आहे. त्यांना वाटतं मशीन पुढे पळते. टेम्पोचा नॉब कुणी हलवला नाही हे मी स्वतः बघितलं.

—

मिरज_सोल्डर

दिवा उभा राहिला म्हणजे सिंक इनमध्ये काहीतरी घुसवलेलं होतं. सिंक इन, सिंक आउट आणि हेडफोन, तिन्ही ३.५ चे जॅक, घाईत चुकतात. सिंक इनमध्ये पिन असली की मशीन स्वतःचं घड्याळ बाजूला ठेवते आणि बाहेरून पल्स येण्याची वाट बघत बसते. दोन स्टेपमागे एक पल्स लागते. ती आलीच नाही तर दिवा पुढे जाणार कसा? हेडफोनच्या जॅकवर रंगीत टेपचा तुकडा लावून ठेवा.

मिडी. व्होल्का बीट्सला मिडी इन आहे, आउट नाही. कीबोर्डचा आउट मशीनच्या इनला. केबल बरोबर असेल तर चॅनल बघा: मशीन सुरुवातीला १० नंबरवर ऐकते, कीबोर्ड बहुतेक १ वर पाठवतो. कीबोर्डचा ट्रान्समिट चॅनल १० करा. मग सुरांचे आकडे: बास ड्रम ३६, स्नेअर ३८, लो टॉम ४३, हाय टॉम ५०, बंद हॅट ४२, उघडी हॅट ४६, क्लॅप ३९, क्लेव्ह्ज ७५, अगोगो ६७, क्रॅश ४९. मधला सी, म्हणजे मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे ६०. तिथून बरोबर दोन सप्तकं खाली ३६. पट्टीचं नाव शोधू नका, कारण एकच ६० नंबर यामाहावर सी ३ म्हणून लिहिलेला असतो आणि रोलँडवर सी ४. मधल्या सी पासून मोजलं की चुकत नाही.

कीबोर्डला पाच पिनांचा आउट नसेल, फक्त कॉम्प्युटरला जोडायचा चौकोनी यूएसबी असेल, तर तो थेट मशीनला जोडता येत नाही. मध्ये कॉम्प्युटर किंवा यूएसबी होस्टचा डबा लागतो. आणि यूएसबीची मिडी केबल वापरलीत तर तिच्या पिनांवर लिहिलेल्या इन-आउटचा अर्थ प्रत्येक कंपनी वेगळा लावते. नाही वाजलं तर आधी पिन बदलून बघा.

—

सांगली_साउंड

टाळकऱ्यांची तक्रार खरी असणार. ते बॉक्सजवळ बसतात की भोंग्याच्या बाजूला?

हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. दहा मीटरला जवळजवळ तीस मिलिसेकंद. टाळकरी मंडपाच्या दाराशी असतील आणि त्यांच्या कानावर शिखराजवळच्या भोंग्याचा आवाज वीस मीटरवरून येत असेल, तर ठोका त्यांना साठ मिलिसेकंद उशिरा मिळतो. ते त्या उशिराच्या ठोक्यावर टाळ देतात, पेटीजवळच्या बॉक्सवर ठेका त्याआधीच वाजलेला असतो. प्रत्येक आवर्तनाला तेच. तबलजी असते तर त्यांनी टाळ ऐकून हात जरा सैल सोडला असता. मशीन कुणाचं ऐकत नाही, म्हणून तिचा आवाज सगळ्यांच्या कानावर एकाच वेळी पोचवावा लागतो.

टाळकऱ्यांच्या पायाशी एक छोटा पॉवर्ड स्पीकर ठेवा, मिक्सरच्या मॉनिटर किंवा ऑक्स आउटमधून, आणि त्यात फक्त ठेका आणि पेटी द्या. दोन मीटरच्या आत. भोंग्यांची दिशा मंडपाकडे असेल तर बाहेर वळवा. ब्लूटूथचा स्पीकर मात्र यासाठी घेऊ नका, तो स्वतःच शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे चालतो.

—

कराड_तबला

आणि टेम्पोच्या नॉबजवळ एकच माणूस बसवा, शक्यतो पेटीवाला. शेवटच्या गजराला लय वाढवताना नॉब एकदम फिरवू नका. एका आवर्तनाला दोन-तीन आकडे, समेवर, आणि टाळकऱ्यांकडे बघत.